डावा कान आणि बंदुकीचा बार

अबू सालेमनी माझ्या बंदुकीच्या नळीवर हात ठेवला आणि ती हळूच जमिनीकडे वळवली, तेव्हा मला आधी राग आला. मी बंदूक मिटून खांद्याला लावली होती, आता हवेत फोडायची तबकडी मागायची एवढंच बाकी होतं. भर रांगेत माझ्या बंदुकीला हात लावायचा म्हणजे काय? त्यांचे ओठ हलत होते. मी डाव्या कानावरचा, आवाज अडवणारा मफ उचलला.

"मुहंदिसा, तीन बार बोला मैं. वगिफ, वगिफ, वगिफ. तुम सुनता नहीं."

मुहंदिसा म्हणजे इंजिनियर बाई. वगिफ म्हणजे थांब. समोर तबकड्या फेकणारं मशीन अडकलं होतं आणि ते सोडवायला एक माणूस मशीनच्या खोपटाकडे चालत निघाला होता. रांगेतल्या बाकी सगळ्यांच्या बंदुका उघडलेल्या होत्या. मिटलेली तेवढी माझी एकटीची.

अबू सालेमनी काडतुसं काढून घेतली आणि बंदूक, बंदुका टेकवायच्या घोडीवर ठेवली. ते नेमबाजीच्या रेंजचे अधिकारी, फौजेतून निवृत्त झालेले. बोलायचे ते एरवीसुद्धा गडगडाटी आवाजात. पण त्या दिवशी त्या आवाजात राग नव्हता.

"जब सुनेगा, तब आना," ते म्हणाले. "पहले नहीं."

पुढे जे झालं ते मी अशांसाठी लिहिते आहे ज्यांच्या घरी "जरा मोठ्याने बोल ना" हे वाक्य रोज ऐकू येतं. आणि बंदुकीची हौस असलेले मराठी लोक परदेशात मला वाटलं होतं त्यापेक्षा बरेच निघाले, त्यांच्यासाठीही.

बंदूक कुठून आली

मी मूळची कल्याणची. कॉलेजात एनसीसीत असताना रायफल हातात आली आणि निशाणा बरा निघाला. मग नोकरी, लग्न, मस्कत, लेक अशा रांगेत ती मागे पडली. आम्ही मस्कतच्या अल हैल भागात राहायला आल्यावर ऑफिसातल्या एका ओमानी सहकाऱ्याने मला सीबच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या रेंजवर नेलं. बारा बोअरची बंदूक क्लबची, काडतुसं क्लबची, आणि हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडायच्या. पहिली तबकडी फुटून तिचा भुगा उडाला तेव्हा चाळिशी ओलांडलेली मी शाळकरी पोरीसारखी हसले. त्यानंतर शनिवार सकाळ माझी झाली.

शुक्रवारी आम्ही काही बौद्ध कुटुंबं दार्सैतला कांबळे काकूंच्या हॉलमध्ये वंदनेला जमतो. काकू चिपळूणच्या, जिभेला हाड नाही. "पहिलं शील म्हणताना तुझा आवाज बारीक होतो गं," त्या मला चिडवायच्या. "प्राणिहत्येपासून अलिप्त राहते म्हणायचं नि दुसऱ्या दिवशी बंदूक घेऊन धावायचं."

"माती मरत नाही काकू," मी म्हणायचे. मटण तुम्ही माझ्यापेक्षा जास्त खाता, हे मात्र मनात ठेवायचे.

त्याच हॉलमध्ये पहिली खूण दिसली होती, मला ती कळली नाही. वंदना सांगणाऱ्यांच्या मागोमाग म्हणायची असते. सगळे "साधु, साधु, साधु" म्हणून थांबले की माझा शेवटचा साधु एकटाच मागून यायचा. लोकांना वाटायचं, बाई फार तल्लीन होते. मला वाटायचं, सांगणारे पुटपुटतात.

तेव्हा माझ्या मते सगळं जगच पुटपुटत होतं. ऑफिसात नवीन आलेल्या मुली, फोनवरची आई, आणि सगळ्यांत जास्त माझी लेक संघमित्रा, घरातली मित्रा. ती तेव्हा नववीत होती. शाळेत दिवसभर इंग्रजी, त्यामुळे तिचं मराठी ठेचकाळत चालायचं. ती काहीतरी म्हणायची, मी "काय?" विचारायचे, ती पुन्हा म्हणायची, मी पुन्हा "काय?" मग ती "नथिंग" म्हणून खोलीत जायची. प्रशांत, माझा नवरा, खर्जातल्या आवाजाचा माणूस. त्याचं मला सगळं ऐकू यायचं.

"आई, तू फक्त बाबाचं ऐकते," एकदा मित्रा रडत म्हणाली. "माझं तू नेव्हर ऐकते."

वयात आलेली मुलगी आहे, चालायचंच, असं मी प्रशांतला सांगितलं.

काचेच्या पेटीतली परीक्षा

रेंजवरून हाकलल्यावर पहिला आठवडा मी फुगून बसले. दुसऱ्या आठवड्यात प्रशांतने मला न विचारता रुवीतल्या एका हॉस्पिटलात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मी म्हटलं, मळ साचला असेल. आईने फोनवर लसूण घालून कडवलेलं तेल सांगितलं होतं तेही दोन रात्री घालून झालं होतं. डॉक्टरांनी आत पाहिलं, तेल पुसून काढलं, कपाळाला हात लावला नाही एवढंच. मळ नव्हताच.

ऑडिऑलॉजिस्ट होती शीबा, केरळची, तरतरीत आणि स्पष्ट बोलणारी. तिने मला एका छोट्या बंद खोलीत बसवलं. काचेपलीकडे ती, अलीकडे मी, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी इंजिनियर आहे, दिवसभर सिग्नलच तपासते, त्यामुळे मला खात्री होती की ही परीक्षा मी पहिल्या वर्गात पास होणार. जाड आवाज आले, दाबलं. मधले आले, दाबलं. मग शांतता झाली. मला वाटलं, शीबा पुढचं सेटिंग लावते आहे. काचेतून पाहिलं तर तिची बोटं हलत होती. ती आवाज देतच होती.

त्या काही क्षणांत मला जे समजलं ते नंतर डॉक्टरांनी नुसतं शब्दांत मांडलं. मी घाबरून अंदाजाने बटण दाबायला लागले. शीबाने दार उघडलं. "मॅडम, चीटिंग नहीं," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून पुन्हा बसवलं.

आलेख माझ्यासमोर आला. दोन्ही कानांची रेघ डावीकडे सरळ चालत येत होती आणि उंच पट्टीच्या बाजूला खाली कोसळत होती. डाव्या कानाची जास्त खाली.

"आप राइट शोल्डर से शूट करते हो ना?" तिने विचारलं. मी चकित झाले. बंदूक उजव्या खांद्याला असली की डावा कान नळीच्या तोंडाकडे वळलेला राहतो, उजवा खांद्याच्या आडोशाला जातो. शिकारी लोकांचे आलेख असेच येतात, ती म्हणाली. मग तिने विचारलं, मफ घालता का? घालते म्हटलं. कायम? हो. म्हणजे, हाक किंवा सूचना ऐकायची असली की एका बाजूचा उचलते. कुठल्या बाजूचा?

मी आपोआप डाव्या कानाकडे हात नेला. उजव्या हातात बंदूक असते.

शीबाने कागदावर डाव्या रेघेखाली एक टिंब काढलं. शेजारच्या माणसाची पाळी आणि माझा उचललेला मफ, अशी गाठ किती वेळा पडली असेल कोण जाणे. घट्ट मफ घातला की सूचना ऐकू येत नाहीत म्हणून उचलायचा, उचलला की कान जायचा, कान गेला की आणखी उचलायचा, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

वाट पाहण्याचे दिवस

दोन कानांत एवढा फरक दिसतो तेव्हा नसेवर गाठ नाही ना याची खात्री करावी लागते, असं डॉक्टर म्हणाले आणि एमआरआय लिहून दिला. गाठ हा शब्द ऐकल्यावर त्यापुढचं वाक्य मला ऐकू आलं नाही, आणि त्यात कानांचा दोष नव्हता.

एमआरआयच्या नळीत सरकवण्यापूर्वी तिथल्या मुलाने कानात फोमचे बोळे घातले आणि वर हेडफोन चढवला. "बहुत आवाज़ होता है मैडम, कान ख़राब हो जाएगा," तो काळजीने म्हणाला. मला हसू फुटलं आणि तो म्हणाला, हिलना नहीं.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस वाईट गेले. रात्री सगळं शांत झालं की डाव्या कानात बारीक शिट्टी वाजायची. ती आधीपासून असणार, पण आता मी तिच्याकडे लक्ष देऊन पडायचे. मित्राच्या लग्नात मला तिचा आवाज ऐकू येईल का, असले विचार यायचे. नववीतल्या मुलीचं लग्न. भीती कुठेही नेते माणसाला.

एक चांगलं झालं. प्रशांतने कुणी न सांगता बोलण्याआधी माझ्यासमोर येऊन उभं राहायला सुरुवात केली. स्वयंपाकघरातून हाक मारणं त्याने बंद केलं. चहा हवा का हे विचारायलासुद्धा तो गॅसपासून हॉलपर्यंत चालत यायचा. मी त्याला कधी सांगितलं नाही, पण त्या चालण्याचा मला फार आधार होता.

गाठ नव्हती. मी डॉक्टरांच्या टेबलावर डोकं टेकून रडले. मग ते म्हणाले, आता दुसरी गोष्ट. आतल्या बारीक पेशी बंदुकीच्या आवाजाने मेल्या आहेत, त्या परत येत नाहीत. औषध नाही, ऑपरेशन नाही. उरलं आहे ते सांभाळायचं आणि कानाचं मशीन लावायचं. बंदूक सोडलीत तर उत्तम. सोडणार नसाल तर कान उघडा ठेवून एकही बार ऐकायचा नाही.

गाडीत बसल्यावर प्रशांत म्हणाला, "सोडून दे ना. एवढं काय आहे त्यात?"

आमचं घर येईपर्यंत भांडण झालं. त्याचं म्हणणं, जे कान घेतं त्याच्याकडे परत कशाला जायचं. चुकीचं नव्हतं ते. माझं म्हणणं मला नीट मांडता येईना. शेवटी एवढंच म्हटलं, "तिथे तबकडी फुटते किंवा फुटत नाही. बाकी सगळीकडे मला कुणीतरी समजून घेत असतं. मला ते नकोय."

त्याने गाडी घरासमोर लावली. मग म्हणाला, "मग नीट जा. अर्धवट नको."

मित्राचा आवाज कुठे होता

मशीन लावायच्या दिवशी मित्रा सोबत आली. शीबाने तिला माझा आलेख दाखवला. बोलण्यातले कुठले आवाज कुठे येतात तेही पेन्सिलने दाखवलं. स, श, फ, टाळ्या, पक्षी, आणि मुलांचे व बायकांचे उंच आवाज, हे सगळं रेघ कोसळली होती त्या बाजूला.

मित्राने कागदावरच्या त्या रेघेवर बोट ठेवलं. "म्हणजे माझा व्हॉइस इथे आहे? जिथे आईला नाही येत?"

"हां बेटा."

"आणि बाबाचा इथे?"

लिफ्टमध्ये तिने माझ्या दंडाला कपाळ टेकलं. दोघी रडलो. सोबतच्या पाकिस्तानी काकांनी पाठ फिरवून लिफ्टच्या आकड्यांकडे पाहिलं.

मशीनची पहिली संध्याकाळ कठीण असते, हे कुणीतरी आधी सांगायला हवं. स्टीलची ताटं भांड्याला लागली की डोक्यात कळ जायची. फ्रिज घुमत होता, माझी स्वतःची चप्पल वाजत होती, प्लॅस्टिकची पिशवी असह्य होती. दोन दिवसांत मशीन काढून कपाटात ठेवावंसं वाटलं. ठेवू नका. रोज थोडा जास्त वेळ घाला, मेंदू हळूहळू कटकट बाजूला टाकायला शिकतो. महिन्याभराने मित्रा तिच्या खोलीतून काहीतरी गुणगुणत होती आणि मी ते पोळ्या लाटताना ऐकलं. पोळी करपली.

शिकाऱ्यांच्या दुकानातून

आता मूळ प्रश्न. अबू सालेमची अट होती ऐकू येण्याची, डॉक्टरांची अट होती कान झाकण्याची. साध्या मफने कान झाकला जातो आणि ऐकू येणं संपतं. ज्याचे कान चांगले असतात त्याचं तरी भागतं. माझं भागत नव्हतं.

पहिली चूक मी अशी केली की मशीनच बंद करून कानात ठेवायचं ठरवलं. कान भरलेला आहे म्हणजे झाकलेला आहे, असा माझा हिशेब. शीबाला अभिमानाने सांगितलं तर ती खुर्चीतून उठली. त्या मशीनच्या टोकाला हवेसाठी भोकं असतात, बार सरळ आत जातो. बंद मशीन म्हणजे संरक्षण नव्हे, हे तिने माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

दुसरी चूक, इंटरनेटवर पाहून स्वस्तातला इलेक्ट्रॉनिक मफ मागवला. यात बाहेरच्या बाजूला मायक्रोफोन असतात. बारीक आवाज ते मोठा करून आत देतात आणि बार झाला की आवाज रोखतात. कल्पना उत्तम. पण माझा मफ बार झाल्यावर सगळंच बंद करायचा आणि पुन्हा उघडायला वेळ घ्यायचा. शेजारच्याचा बार आणि लगेच आलेली सूचना असं झालं, तर सूचनेचा पहिला तुकडा गिळला जायचा. म्हणजे पुन्हा तेच. चांगल्या मफमध्ये बार दाबला जातो पण मागचं बोलणं तुटत नाही. विकत घेण्याआधी हे विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर दुसरं दुकान बघा.

तिसरं, मशीन आत ठेवून वर मफ चढवला की माझं मशीन शिट्टी मारायचं. काहींचं मारत नाही. मफचा कप खोल असला तर जमतं, असं शीबा म्हणाली. माझ्या बाबतीत तिने वेगळा मार्ग काढला. रेंजवर मशीन काढून डबीत ठेवायचं आणि मफचाच आवाज वाढवून ऐकायचं. त्यासाठी दोन्ही बाजूंचा आवाज वेगवेगळा वाढवता येणारा मफ हवा, कारण माझा डावा जास्त गेलेला. मायक्रोफोनही दोन्ही बाजूंना हवेत, नाहीतर आवाज आला हे कळतं पण कुठून आला ते कळत नाही, आणि बंदूक हातात असताना ते कळावंच लागतं.

असा मफ अमेरिकेहून येणाऱ्या एका सहकाऱ्याने आणला, तिकडच्या शिकाऱ्यांच्या दुकानातून. खोक्यावर बर्फात उभा असलेला दाढीवाला आणि लांबवर एक हरीण. कांबळे काकूंनी ते खोकं बघितलं आणि हात जोडले. "आता तर पुरावाच मिळाला," त्या म्हणाल्या.

त्या दाढीवाल्याला न आलेल्या अडचणी मला आल्या. चष्म्याच्या जाड काड्या मफची गादी वर उचलतात आणि फटीतून आवाज शिरतो, म्हणून मी पातळ काड्यांचा चष्मा करून घेतला. कुड्या काढायच्या. अंबाडा मानेवर खाली, आणि एकही केस गादीखाली नको. ओमानच्या वाऱ्यात मायक्रोफोन घरघरतात, त्यावर स्पंजचे बोळे बसवायचे. उन्हात गाडीत मफ ठेवला तर गादी कडक होते. बॅटरी मरते तेव्हा आधी सांगून मरत नाही, जादाची खिशात ठेवायची. आणि आमच्या मुलीला तुझ्यासारखाच मफ घेतो असं म्हणू नका. आधी कानाचा आलेख काढा. माझा आलेख माझा आहे.

शीबाने क्लिनिकमध्ये माझ्या मागे उभं राहून साध्या आवाजात शब्द म्हटले. तिला मराठी येत नाही, मित्राने लिहून दिलेले शब्द ती मल्याळी हेल काढून वाचत होती. भेंडी. मंगळवार. थांब. मी प्रत्येक शब्द परत म्हणून दाखवला. मित्रा कोपऱ्यात बसून हसत होती, आणि मला तिचं हसणंसुद्धा ऐकू येत होतं.

बकऱ्या

शनिवारी मी रेंजवर गेले. अबू सालेमनी माझ्या मफकडे पाहिलं. मला रिकामी, उघडी बंदूक दिली, रांगेच्या टोकाला उभं केलं आणि बाकीच्यांची फेरी सुरू केली. ते माझ्या मागे होते. मध्येच म्हणायचे, "मुहंदिसा, लेफ्ट." मी डावीकडे व्हायचे. "मुहंदिसा, नली नीचे." मी करायचे. बार होत होते, दाबलेले, दुरून आल्यासारखे, आणि त्यांच्यामधून त्यांचा आवाज नीट येत होता.

मग मला काहीतरी वेगळं ऐकू आलं. किणकिण. उजवीकडून, पुढून, जिथे जमीन खाली उतरते आणि पलीकडचं दिसत नाही तिथून. त्यामागून एका बाईचा बारीक, लांबट आवाज, बकऱ्यांना हाकतानाचा.

रेंजवर नियम आहे, धोका दिसला तर कुणीही थांबवू शकतं. पण मी परीक्षेला उभी होते. मला भास होत असेल तर? शिट्टी वाजणारे कान माझे. पुढच्या माणसाने बंदूक मिटली.

"वगिफ," मी ओरडले आणि हात वर केला.

रांग थांबली. अबू सालेम पुढे आले. "क्या हुआ?"

"बकरी. उधर नीचे. और औरत भी है."

त्यांनी मान तिरकी केली, ऐकलं, आणि हसले. "कोई बकरी नहीं. तुम्हारा मशीन ज़्यादा सुनता है." दोघेतिघे हसले. माझा चेहरा तापला. इतक्यात त्या उतारावरून पहिली बकरी वर आली, गळ्यात घंटी, मग तिच्यामागे दहाबारा, आणि शेवटी डोक्यावरून ओढणी घेतलेली म्हातारी, हातात काठी.

अबू सालेमचं हसू मावळलं. ते स्वतः उतारापर्यंत चालत गेले, म्हातारीला सलाम केला, बकऱ्या वळवायला लावल्या. परत आले ते बंदुका घोडीवर ठेवा म्हणत. "खलास आज."

मी गाडीत सामान ठेवत होते तेव्हा ते आले. इकडेतिकडे पाहिलं. मग माझा मफ मागून घेतला आणि डोक्यावर चढवला, त्यांच्या मसरवरून. मसर म्हणजे ओमानी पुरुष डोक्याला गुंडाळतात ते कापड. कानाच्या वरच्या भागावर त्याच्या घड्या येतात.

"बाहर का सब सुनता है इसमें. बंद नहीं होता."

मी त्यांच्या कानाजवळ बोट नेलं. घड्यांमुळे गादी टेकतच नव्हती, माझं बोट सहज आत जात होतं. मी त्यांना ते दाखवलं. त्यांनी तिथे स्वतःचं बोट घालून पाहिलं. साधा मफ ते गेली कितीतरी वर्षं असाच, मसरवरून घालत आले होते. त्याआधी, शिकारीवर बंदी यायच्या आधी, तरुणपणी वडिलांबरोबर डोंगरात जायचे तेव्हा तर कानात काहीच नसायचं.

"मेरा बीवी बोलता है मैं चिल्लाता है," ते म्हणाले. "मैं बोलता, फ़ौज का आदत है."

"मसर उतार के पहन सकते हैं," मी चाचरत सुचवलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा कधी ते सुचवलं नाही. "इतना लोग के सामने? नहीं, मुहंदिसा."

मला त्या माणसाचा राग यायला हवा होता का? त्याने मला महिनोन् महिने लांब ठेवलं होतं आणि स्वतःला बकरीची घंटी ऐकू येत नव्हती. पण मला फक्त वाईट वाटलं. काचेपलीकडे शीबाची बोटं हलत होती तेव्हा मला जे वाटलं होतं, ते आता त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

पुढच्या शनिवारी रेंजवर सूचना द्यायला दुसरा माणूस होता. अबू सालेमनी ते स्वतःहून ठरवलं, कुणी सांगायची वाट पाहिली नाही. आणि मधल्या वारी त्यांचा मुलगा त्यांना शीबाकडे घेऊन आला. मी ओळख करून द्यायला गेले होते. त्या बंद खोलीत ते फौजी ताठ बसले. बाहेर आले तेव्हा मुलाचा हात धरून.

त्यांच्यासाठी मफ नव्हताच. शीबाने त्यांच्या कानात गुलाबी लगदा भरून साचा घेतला आणि कानाच्या आत बसणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र मागवलं. तेही बारीक आवाज वाढवतं, बार रोखतं, आणि वर मसर कसाही गुंडाळा, त्याला फरक पडत नाही. लगदा कानात घट्ट होत होता तेव्हा ते डोळे मिटून "इन्शाल्ला, इन्शाल्ला" म्हणत होते. शीबाने त्यांना सांगितलं की यात दुखत नाही. त्यांना ते ऐकू गेलं नसावं.

पुन्हा रांगेत

त्यांची यंत्रं आली त्यानंतरच्या शनिवारी आम्हा दोघांची एकदमच परतफेरी झाली. मी गेले तेव्हा ते आधीच रांगेच्या मागे उभे होते, मसर नेहमीसारखा नीटनेटका. कान दिसत नव्हते. मला त्यांनी हाताने जागा दाखवली. भरलेली काडतुसं माझ्या तळहातावर ठेवली.

मी बंदूक भरली, मिटली, खांद्याला लावली. प्रशांत आणि मित्रा गाडीपाशी उभे होते, पहिल्यांदाच आले होते. मागून आवाज आला, इतका साधा, इतका खालचा की मला वाटलं दुसराच कुणी बोलतो आहे.

"मुहंदिसा. तैयार?"

"तैयार."

मी तबकडी मागितली. ती डावीकडून उठली, नारिंगी, भरधाव. मी बार काढला. तबकडी अख्खीच्या अख्खी डोंगराकडे गेली आणि खडकात पडून फुटली. फुटल्याचा तो बारीक आवाजसुद्धा मला ऐकू आला.

मागे अबू सालेम शेजारच्या माणसाकडे झुकले आणि अगदी हळू, फक्त त्याच्यासाठी म्हणाले, "कान तो आ गया इसका. अब आँख के डॉक्टर के पास भेजना पड़ेगा."

मी न वळता हळूच म्हटलं, "सुना मैंने."

"हां," मागून ते तितक्याच हळू म्हणाले. "मैंने भी."